उजव्या हाताला गोदावरी

चंद्रपूरच्या एका स्नेह्यांनी केलेली प्रवासाची आखणी गेले काही दिवस मी पुन्हापुन्हा वाचतो आहे. एक लांब वही, पेन्सिलीने आखलेले रकाने, आणि त्यांत बसवलेला एक मोठा फेरा. स्वतःच्या गाडीने चंद्रपूरहून निघायचे, आलापल्ली-सिरोंच्याच्या जंगलातून राज्याबाहेर पडायचे, बंगालच्या उपसागरापर्यंत पोचायचे, तिथे भरती-ओहोटीच्या पाण्यावरून गाडीसकट नावेने पैलतीर गाठायचा आणि दुसऱ्या वाटेने परतायचे. वाटेत महाराष्ट्र, छत्तीसगड, तेलंगणा, आंध्र प्रदेश आणि पुदुच्चेरीचा यानम हा तुकडा, अशा पाच राजवटींच्या सीमा लागतात. अशी जंत्री कुणीही करील. पण या वहीच्या पहिल्या पानावर गावांच्या नावांआधी फक्त एक नियम लिहिला आहे: सिरोंच्यापासून पुन्हा सिरोंच्यापर्यंत गोदावरी उजव्या हाताला राहील. बाकीची सगळी आखणी या एका ओळीतून उमलत जाते, आणि ती कशी उमलते हे पाहण्यातच तिची गोडी आहे.

मराठी वाचकाला या नियमाचे मूळ सांगावे लागत नाही. नर्मदेची परिक्रमा करणारा नदीला उजवीकडे ठेवून चालतो. मुख्य पात्र मध्येच ओलांडत नाही, उपनद्या ओलांडल्या तरी चालतात. दक्षिण तटाने समुद्राशी पोचला की विमलेश्वरहून नावेत बसून उत्तर तटावरच्या मिठी तलाईला उतरतो, आणि ती नाव सुटते भरतीच्या वेळेप्रमाणे. आखणीकाराने हाच विधी गोदावरीच्या खालच्या अंगाला लावला आहे. नदी आग्नेयेकडे वाहते आहे आणि आपण तिच्या डाव्या तीराने प्रवाहाबरोबर चाललो आहोत, तर पाणी आपोआप उजवीकडे राहते. मुखाशी तीर बदलला आणि उजव्या तीराने वर चढू लागलो, तरी ते उजवीकडेच. म्हणजे समुद्राजवळची नाव ही सहलीतली गंमत राहत नाही. तिच्यावाचून प्रदक्षिणा पुरीच होत नाही. एका जुन्या आचारातून प्रवासाचा सगळा सांगाडा मिळावा आणि तो भूगोलात तंतोतंत बसावा, हे वाचताना मन प्रसन्न होते.

पुढचे पान ऋतूचे. जंगलातल्या माणसाला प्रवास कधी करू नये हे आधी कळते. पावसाळ्यात दक्षिण गडचिरोलीतले नाले रस्त्यावर येतात, आणि खाली भद्राचलमला गोदावरीची पातळी त्रेचाळीस फुटांवर गेली की पहिला इशारा, अठ्ठेचाळीसला दुसरा आणि त्रेपन्नला तिसरा दिला जातो. १९८६च्या ऑगस्टमध्ये तिथे नदी ७५.६ फुटांवर गेली होती आणि २०२२च्या जुलैमध्ये ७१.३ फुटांवर. तेव्हा आषाढ ते आश्विन बाद. पण दिवाळी झाली, आभाळ निवळले, आता निघू या, असे हा आखणीकार म्हणत नाही. कारण इकडचे आभाळ निवळते तेव्हाच तिकडे आंध्रच्या किनाऱ्यावर चक्रीवादळांचे दिवस असतात. ऑक्टोबर-नोव्हेंबर त्यातच जातात, डिसेंबरचाही भरवसा नसतो. जंगलाचा पाऊस आणि समुद्राचे वादळ या दोन्हींच्या पलीकडे जागा शोधत त्यांनी पौष निवडला आहे. मग त्यातही चाळणी. संक्रांतीच्या दिवसांत गोदावरीच्या मुखाजवळच्या कोनसीमेत माणूस मावत नाही, म्हणून ती ओलांडायची. सम सालच्या माघात तेलंगणातल्या मेडारमला सम्मक्का-सारलम्माची जत्रा भरते आणि परतीची वाट नेमकी तिथूनच जाते, म्हणून त्या साली जत्रेचे दिवस टाळायचे. ज्यांना जत्राच पाहायची असेल त्यांनी सारी आखणी तिच्याभोवती फिरवावी, अशी समासात टीप आहे. आपल्या अंगणातला पाऊस सगळेच पाहतात. तीन राज्यांपलीकडचे वारे धरून आपली निघण्याची तारीख ठरवणारा माणूस विरळा.

प्रवासाचा पहिला भाग अजून प्रदक्षिणेत नाही, तिची ती नांदी आहे. चंद्रपूर, बल्लारपूर, गोंडपिपरी, आणि आष्टीजवळ वैनगंगेचा पूल. चंद्रपूर जिल्ह्याच्या पश्चिमेला वर्धा आणि पूर्वेला वैनगंगा. या दोघी खाली चपराळ्याच्या अभयारण्याशी एकत्र येतात आणि तिथून पुढे प्राणहिता हे नाव धारण करतात. आखणीकाराने पहिल्याच दिवशी हा संगम ठेवला आहे, आणि कारणाच्या रकान्यात लिहिले आहे की पुढे समुद्रापर्यंत जे पाणी सोबत येणार, ते इथे ओळखून घ्यावे. मुक्काम आलापल्लीला. दुसऱ्या सकाळी जवळचे वनवैभव पाहायचे. हा सागाच्या जुन्या जंगलाचा जपून ठेवलेला तुकडा. २०१४ मध्ये तो जैवविविधता वारसा स्थळ म्हणून जाहीर झाला, महाराष्ट्रातला पहिला. याच टापूतल्या सागाची अयोध्येच्या राममंदिराच्या दारांसाठी निवड झाली. पण वहीत तेवढ्यावर भागत नाही. आलापल्लीला टाकी भरून घ्या, पुढचे सुमारे शंभर किलोमीटर जंगलाचे आहेत आणि ते उजेडी संपवा, असेही त्याच ओळीत आहे. झाडाचे कौतुक आणि पेट्रोलची काळजी एकाच वाक्यात नांदतात. ज्याला रस्ता खरोखर माहीत आहे, त्याच्याच लेखणीला हा तोल साधतो.

सिरोंचा हे या रचनेचे प्रवेशद्वार. इथे प्राणहिता गोदावरीला मिळते, आणि समोरच्या काठावर तेलंगणातले कालेश्वरम दिसते. तिथल्या देवळात एकाच शाळुंकेवर दोन लिंगे आहेत, कालेश्वर आणि मुक्तेश्वर. पूर्वी पैलतीराला जायचे तर नाव धरावी लागे. आता गोदावरीवर पूल आहे, गाडी चालू केली की काही मिनिटांत देवळाशी. कुठलाही प्रवासी पहिल्या संध्याकाळी तेच करील. आखणीकार करीत नाही. पूल ओलांडला तर नियम मोडतो, म्हणून जाताना कालेश्वरम फक्त या तीरावरून पाहायचे, असे तो लिहितो. इतके मोठे स्थळ, इतके जवळ, आणि ते हातचे राखून शेवटाला ठेवलेले. या संध्याकाळसाठी त्याने दुसरे काम नेमले आहे: सिरोंच्याच्या परिसरातले खडक. प्राणहिता-गोदावरीच्या खोऱ्यातल्या कोटा थरांनी ज्युरासिक काळातले महाकाय प्राणी आणि मासे सांभाळून ठेवले आहेत. इथल्याच हाडांवरून बारापासॉरस हा डायनासोर जगाला कळला, आणि त्याचा सांगाडा आज कोलकात्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेत उभा आहे. वडधमला जीवाश्मांचे उद्यान आहे. पुढचे सगळे दिवस नदीच्या काठाने जायचे आहेत, आणि त्यांच्या आदल्या संध्याकाळी नदीहून कितीतरी जुन्या चिखलासमोर उभे राहायचे. हा क्रम सहज सुचणारा नाही.

सिरोंच्याहून पूर्वेला निघाले की सोमनूरचा संगम येतो. बस्तरातून आलेली इंद्रावती इथे गोदावरीत उतरते. ही उपनदी, तेव्हा ओलांडायला हरकत नाही. पातागुडमजवळच्या पुलाने पलीकडे तिमेडला पाय ठेवला की छत्तीसगड. पुढे भोपालपट्टणम, तारलागुडा, आणि थोड्याच वेळात तेलंगणा. एका दिवसात तीन राज्ये होतात. आखणीकाराने सीमांचा वेगळा रकाना केला आहे आणि त्यात गाड्यांच्या पाट्या लिहिल्या आहेत: एमएच ३३ विरळ होऊ लागल्या, सीजी दिसू लागल्या, मग टीजी. २०२४ आधीच्या गाड्यांवर टीएस, आणि २०१४ आधीच्यांवर एपी. एकाच गावच्या चौकात तिन्ही पाट्या उभ्या दिसल्या की तेलंगणाचा अलीकडचा इतिहास तिथेच वाचावा. कागदांची बाजूही चोख आहे. गाडीचे नोंदणीपत्र, विमा, धूर तपासणीचा दाखला आणि वाहन परवाना एका पाकिटात. गाडी भाड्याची असेल तर तिचा पर्यटन परवाना निघण्याआधी पाहून घ्यायचा. या पट्ट्याने माओवादी हिंसेची झळ वर्षानुवर्षे सोसली आहे, म्हणून हा दिवस आखूड ठेवला आहे, सूर्य मावळायच्या आत संपणारा, आणि निघण्याआधी स्थानिक माणसाला विचारून घ्यायचे अशी सूचना आहे. धास्ती न घालता सावध करण्याची ही रीत फार सुसंस्कृत वाटते.

आता येतो डावा तीर, आणि इथे आखणीचा खरा कस लागतो. हैदराबादकडून येणारा हमरस्ता एटुरनागारमजवळ गोदावरी ओलांडून या काठाला येतो. भद्राचलमला जायला तो पूल धरून उजव्या तीराने उतरणे कुणालाही सोयीचे वाटेल. वहीत त्या पुलावर फुली आहे. त्याऐवजी वाझेडू, वेंकटापुरम, चेर्ला, दुम्मुगुडेम अशी काठाकाठाची वाट घेतली आहे. वाझेडूजवळ बोगथाचा धबधबा आहे. पण या वाटेचे मोल दुम्मुगुडेमच्या जुन्या बंधाऱ्यात आहे, कारण तिथे पोचल्यावर कळते की चंद्रपूरहून समुद्रापर्यंतची ही आखणी काही पहिली नव्हे.

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर इंग्रज अभियंत्यांनी नेमका हाच मार्ग पाण्यावरून आखला होता. आर्थर कॉटन यांची ती कल्पना आणि कॅप्टन हेग यांची पाहणी: वर्ध्याच्या खोऱ्यातला कापूस प्राणहितेतून गोदावरीत आणि गोदावरीतून समुद्रावर न्यायचा. वाटेत खडकांचे तीन अडसर होते. खालून मोजले तर पहिला दुम्मुगुडेमला, दुसरा इंचमपल्लीला, तिसरा प्राणहितेवर देवलमरीला. बंधारे आणि झडपांचे कालवे बांधून ते ओलांडायचे होते. त्यासाठी सीमाही हलल्या. १८६०च्या तहाने निजामाकडचा डाव्या तीराचा मुलूख इंग्रजांकडे आला आणि नदीवरची मालवाहतूक जकातीतून मोकळी झाली. सिरोंचा हे अप्पर गोदावरी जिल्ह्याचे ठाणे झाले, आणि भद्राचलम त्याच जिल्ह्यात होते. पण रेल्वे १८६७ मध्ये नागपूरला पोचली, नदीवरचा खर्च वाढत गेला आणि १८७१ मध्ये काम सोडून दिले. १८७४ मध्ये तो जिल्हाही मोडला, सिरोंचा चांद्याला जोडले गेले आणि खालचा भाग मद्रास इलाख्यात गेला. आखणीकाराने हा सगळा इतिहास लिहिलेला नाही. दुम्मुगुडेमपुढे त्याने फक्त 'पहिला अडसर' असे टिपले आहे, आणि मागच्या पानांवर तिमेडनंतर 'दुसरा', आलापल्ली-सिरोंच्याच्या मध्ये 'तिसरा'. ज्याला ठाऊक आहे त्याला तीन शब्दांत एक गडप झालेला जिल्हा दिसतो. ज्याला ठाऊक नाही तो विचारील, आणि त्याचा प्रवास तिथून खोल होईल. इतक्या कमी शाईत इतके सुचवणे हे कसलेल्या हाताचे लक्षण.

भद्राचलमला रामाचे दर्शन आणि एक पूर्ण विश्रांतीचा दिवस. गाव तेलंगणात आहे, पण वेस ओलांडली की आंध्र लागतो, कारण २०१४ मध्ये राज्य विभागताना पोलावरम धरणाच्या बुडिताखाली येणारे आसपासचे मंडल आंध्रला दिले गेले आणि देवस्थानाचे गाव तेवढे इकडे राहिले. यापुढे नदी पापी कोंडलूच्या डोंगरांतून अरुंद होऊन जाते आणि तिच्या कडेने सलग गाडीरस्ता नाही. मोटारीने परिक्रमा करणाऱ्यापुढचा हा खरा पेच. लाँचने त्या घळीतून जाता येते, पण मग गाडी मागे राहते. आखणीकाराने इथे नदीचा हात सोडला आहे: चिंतूरला शबरी ओलांडून मारेडुमिल्लीच्या घाटाने रंपचोडवरम आणि तिथून राजमहेंद्रवरम. नदी दिवसभर दृष्टीआड, पण उजवीकडेच. छंदात यती असतो, तसा हा दिवस. ओळ तिथे थांबते पण तुटत नाही. घाटातल्या दाट झाडीनंतर राजमहेंद्रवरमला नदी पुन्हा भेटते तेव्हा तिचा पैलतीर धूसर झालेला असतो. सिरोंच्याला पाहिलेली हीच का, असे वाटावे यासाठीच जणू मधला दिवस कोरा ठेवला आहे.

राजमहेंद्रवरमचे मोठे पूल पाहायचे, ओलांडायचे नाहीत. धवळेश्वरमला कॉटनचा बंधारा, १८४७ मध्ये सुरू होऊन १८५२ मध्ये पुरा झालेला. आज त्याच्या जागी नवे धरण आहे, पण त्याने सुपीक केलेल्या त्रिभुज प्रदेशात कॉटनचे पुतळे अजून गावोगावी दिसतात. इथून खाली नदी फाटते: डावीकडे गौतमी, उजवीकडे वसिष्ठा, मध्ये नारळांची कोनसीमा. एका पात्राचा नियम दोन फाट्यांना कसा लावायचा? आखणीकाराचे उत्तर असे: आधी गौतमीच्या डाव्या तीराने द्राक्षारामवरून यानम. हे १९५४ पर्यंत फ्रेंचांचे होते, आज पुदुच्चेरीचा भाग, आणि गाड्यांची पाटी पीवाय ०४. मग एदुरलंकेच्या पुलाने गौतमी पार करून अमलापुरम, पुढे वैनतेया ओलांडून राजोलू, आणि तिथून अंतर्वेदी, जिथे वसिष्ठा समुद्राला मिळते. मधले पूल चालतात, कारण गौतमी आणि वैनतेया हे फाटे समजायचे आणि वसिष्ठा मुख्य धारा. नियम न मोडता त्याला वाकवण्याची ही युक्ती व्याकरणकाराला शोभेल अशी आहे.

आणि मग ती नाव. अंतर्वेदीहून परत वर सखिनेटिपल्लीच्या धक्क्यावर यायचे आणि पलीकडे नरसापूर. गाड्या वाहून नेणाऱ्या सपाट नावेला तिथे पंटू म्हणतात. थोडे वर चिंचिनाडाला हमरस्त्याचा पूल आहे, त्याने गेले तर वेळ वाचतो. तरी वहीत पंटूच आहे, आणि पूल फक्त 'नाव बंद असल्यास' या शेऱ्याखाली. या एका ओलांडण्यासाठी जितका विचार केला आहे तितका दुसऱ्या कशासाठी नाही. इथले पाणी नदीचे दिसले तरी समुद्राच्या तालावर चढते-उतरते. भरती रोज सुमारे पन्नास मिनिटांनी पुढे सरकते, तेव्हा वेळ आदल्या दिवशी धक्क्यावर विचारून घ्यायची. अमावास्या-पौर्णिमेला उधाण असते, ओढ जोरात आणि धक्क्याची उतरंड कधी बुडालेली तर कधी उघडी. अष्टमीच्या आसपास भांगाची भरती, पाणी शांत आणि चढउतार कमी. म्हणून साऱ्या प्रवासाच्या तारखा अष्टमीपासून मागे मोजल्या आहेत. सकाळची खेप, कारण दुपारी समुद्रावरून वारा चढतो. माणसांनी गाडीतून उतरून उभे राहायचे. चंद्रपूरहून निघण्याचा दिवस समुद्राच्या भांगावरून ठरतो हे लक्षात आले की पहिल्या पानावरच्या तारखेकडे आपण वेगळ्याच आदराने पाहतो.

परतीचा उजवा तीर झपाट्याने लिहिला आहे, आणि ते योग्यच आहे. नरसापूर, पालकोल्लू, कोव्वूर, जंगारेड्डीगुडेम, मग मणुगुरू, एटुरनागारम, ताडवाई. जाताना ज्या पुलांवर फुली मारली, त्यांची दुसरी टोके आता एकेक करून भेटतात. मुलुगूच्या बाजूला पालमपेटचे रामप्पा देऊळ आहे. काकतीयांच्या काळात, १२१३ मध्ये उभे राहिलेले ते देऊळ २०२१ पासून जागतिक वारशाच्या यादीत आहे. त्यासाठी थोडी वाकडी वाट ठेवली आहे. शेवटी महादेवपूर आणि राखून ठेवलेले कालेश्वरम. आता त्या घाटावर उभे राहायचे आणि ज्या सिरोंच्याहून हे देऊळ पाहिले होते, ते सिरोंचा पाहायचे. मग गोदावरीचा पूल. मुख्य पात्र गाडीच्या चाकांनी ओलांडायची ही एकमेव वेळ, आणि तिथे नियम मोडत नाही, पुरा होतो.

या वहीचे सर्वांत मोठे बळ तिच्या शेवटच्या रकान्यात आहे. प्रत्येक निर्णयापुढे 'कारण' लिहिले आहे: हा पूल का नको, हा दिवस आखूड का, ही तारीख का. फोनवरचा नकाशा वाट दाखवतो, पण कारण सांगत नाही, म्हणून रस्ता बंद झाला की त्याने दाखवलेली वाट आपल्याला परकी होते. कारणासकट केलेली आखणी मात्र दुसऱ्याच्याही हाती चालते. भामरागडच्या माणसाने उद्या इंद्रावतीला उजवीकडे ठेवून, गडचिरोलीच्या माणसाने वैनगंगेला उजवीकडे ठेवून निघायचे म्हटले, तर गावे बदलतील, अष्टमी बदलेल, पूल वेगळे येतील, पण आखण्याची रीत हीच पुरेल. चंद्रपूर आणि गडचिरोली या आपल्या दोन्ही जिल्ह्यांचे पाणी ज्या वाटेने समुद्राला जाते ती वाट इतकी नीट वाचलेली आहे. आता ज्याच्याकडे गाडी, सवड आणि पौषातली एक अष्टमी असेल, त्याने ती धरावी.